धर्मबापाचं ताट

बदाम होता. सोललेला, अर्धा, पाट्याच्या टाकी लावलेल्या दगडात एका खाचेत रुतून बसलेला... वाटणाऱ्या बाईच्या वरवंट्याखालून निसटलेला असणार. बाकी सगळा पाटा मिरच्यांनी काळातांबडा झाला होता आणि त्यात तो एवढासा पांढरा तुकडा – नुकत्या फुटलेल्या दुधाच्या दातासारखा – सेवेरो आलार्कोनच्या डोळ्यांत रुतत होता. तो स्वयंपाकघराच्या दारात हॅट हातात धरून उभा होता. आत धूर होता, मक्याच्या भाकऱ्या थापणारे बायकांचे हात होते, शिजत्या टर्कीचा वास होता, आणि त्या वासानं तोंडाला पाणी सुटत असतानाच पोटात गोळा आला होता. दोन्ही एकदम. आता त्याला त्याची सवय झाली होती. भूक लागली की मागोमाग भीती वाटायची, जुळ्या बहिणींसारख्या दोघी हात धरूनच यायच्या.

बदाम या डोंगरात होत नाही. बदाम क्वाउत्लाच्या बाजारात मिळतो. क्वाउत्लात सरकारी फौज बसली आहे, पुलावर पहारा आहे, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या टोपलीत शिपाई कोपरापर्यंत हात घालून बघतात. आणि इथे, या गावात, माणसं निवडुंगाची पानं उकडून खातात, गेल्या थंडीत तापानं माणसं मेली तेव्हा फळ्या नव्हत्या म्हणून चटईत गुंडाळून पुरली... मग तिबुर्सिओच्या घरात टर्की आली कुठून, चॉकलेट आलं कुठून, बदाम आला कुठून?

विचारायचं. सरळ विचारायचं, ‘काय रे, बदाम कुठले?’ लहानपणापासूनचा मित्र आहे, विचारायला काय हरकत आहे? पण बारशाचा धर्मबाप दारात येऊन जेवणाच्या सामानाची चौकशी करतो, हे कधी कुणी ऐकलंय? आणि विचारलं, आणि त्यानं उत्तर दिलं, आणि उत्तर पटण्यासारखं असलं... तर? पटण्यासारखी उत्तरं तर दगाबाजांकडेच असतात. प्रामाणिक माणूस विचारल्यावर गोंधळतो.

“उंबऱ्यात काय उभे राहिलात, जनरल?” तिबुर्सिओची बायको दोमितिला चुलीपासून मान न वळवता म्हणाली. “आत तरी या, नाहीतर बाहेर तरी व्हा. उजेड अडतोय.”

बायका हसल्या. सेवेरोही हसला, जरा उशिरा. आणि बाजूला झाला.

आज तिबुर्सिओच्या मुलीचं बारसं होतं, तिचं नाव अजून ठेवायचं होतं. सेवेरो तिचा धर्मबाप होणार होता. तिबुर्सिओ, आडनाव नावा, हा त्याच्या पिछाडीचा कप्तान, डोंगरातली सगळी मागची वाट त्याच्या ताब्यात. तो तळावर चालत आला होता, घोडा असून चालत, हातात मेस्काल दारूची बाटली, हॅट काढून छातीशी धरलेली, आणि सगळ्यांसमोर म्हणाला होता, “माझ्या लेकीला पाण्यावर धरशील का?” असं विचारल्यावर नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर तो अपमान मुलीचा होतो, बापाचा होतो, गावाचा होतो. आणि एकदा चर्चमध्ये मुलीच्या डोक्यावर पाणी पडलं की मुलीचा बाप आणि धर्मबाप एकमेकांचे कोंपाद्रे होतात. या डोंगरात माणूस बापाशी भांडतो, सख्ख्या भावाला शेताच्या बांधावर कोयत्यानं तोडतो, ते लोक समजून घेतात. पण कोंपाद्रेनं कोंपाद्रेवर हात उचलला तर त्याचं मढं मातीसुद्धा घेत नाही, असं इथे प्रत्येकजण मानतो. सेवेरोही मानत होता. अगदी हाडापासून मानत होता.

म्हणूनच तर.

म्हणूनच तर प्रश्न होता, की तिबुर्सिओला आत्ताच कोंपाद्रे का व्हायचं आहे? याच्याआधी त्याची तीन मुलं झाली, त्यांना पाण्यावर धरायला मेहुणा चालला, चुलता चालला. आत्ताच, नेमकं आत्ताच, मी का? कोणत्या माणसाला असं कवच हवं असतं – ज्याला माहीत आहे की आज ना उद्या सेवेरोची गोळी आपल्याला शोधत येणार आहे, त्यालाच ना?

गेल्या आठवड्यात अंडी विकणारी बाई क्वाउत्लाहून निरोप घेऊन आली होती. सरकारी कर्नलकडे तुमच्यातला कुणीतरी जाऊन बसतो. त्याला माफी मिळणार, वर जमीन मिळणार, फक्त तुम्हाला एकदा हातात द्यायचं. कोण ते माहीत नाही. “जवळचा आहे म्हणतात, एवढंच,” ती म्हणाली आणि थोडं मीठ मागून निघून गेली. तिच्या दृष्टीनं निरोप आणि मीठ एकाच वजनाचं होतं.

जवळचा. त्या रात्री घोंगडीखाली सेवेरोनं सगळी तोंडं आठवून पाहिली होती. जवळचं कोण आहे मला? मेलितोन माझा अंगरक्षक, पण तो माझ्या बुटांच्या जवळ आहे. बहीण कासिमिरा आहे. बाकीचे सगळे माझ्या हाताखाली आहेत. हाताखालचा माणूस जवळचा नसतो, तो फक्त खाली असतो. जवळचा म्हटलं तर एकच निघतो.

लोकांना वाटतं क्रांतीचा पुढारी म्हणजे घोडा, मिशा आणि छातीवर काडतुसांचे दोन पट्टे. लोक गाणी रचतात. गाण्यात तो नदी ओलांडतो, मळेवाल्याच्या वाड्याला आग लावतो, पोरींच्या काळजाला हात घालतो. गाण्यात कुणी असं म्हणत नाही की तो खिशात उकडलेली अंडी घेऊन हिंडतो, कारण कवचाच्या आत कुणाला काही घालता येत नाही. असं कुणी म्हणत नाही की तो बहिणीच्या हातचं सोडून दोन वर्षांत कुठे जेवलेला नाही, आणि मधूनमधून बहीण रांधत असतानाही तिच्या पाठीमागे उभा राहून बघतो. राजधानीत एका मोठ्या सभेला गेला होता तेव्हा मखमलीच्या खुर्चीवर बसून त्यानं शिकल्यासवरल्या लोकांची भाषणं ऐकली होती – जमीन, न्याय, जनता, सगळे शब्द धुऊन इस्त्री केलेले – आणि सगळा वेळ त्याचं लक्ष पाण्याचा ग्लास घेऊन फिरणाऱ्या नोकराकडे होतं. जनतेसाठी लढणारा माणूस जनतेच्या हातचं पाणी पिऊ शकत नव्हता. ही क्रांती. हे तिचं पोट. आजही त्याच्या कोटाच्या खिशात दोन अंडी होती, आणि चालताना ती एकमेकांवर टकटक आपटत होती.

“काय रे, तोंड का असं उतरलंय?” तिबुर्सिओ अंगणातून आला. धुतलेला पांढरा सदरा, केस पाण्यानं चापून बसवलेले, आणि तेच हसणं, सगळ्या हिरड्या दाखवणारं. “सैतानाला नाकारायचंय तुला. माझ्या सासूला नाही.”

“सासू जास्त अवघड आहे,” सेवेरो म्हणाला. हे बोलणं त्याच्या तोंडातून आपोआप आलं, चाळीस वर्षांच्या सवयीनं, आणि आल्यावर त्याला स्वतःचाच राग आला.

“ऐकतेय मी!” आतून म्हातारीचा आवाज आला.

“ऐकावं म्हणूनच बोलतोय, आई.” तिबुर्सिओनं पाळण्यातून मुलीला उचललं आणि सेवेरोच्या हातांत दिलं. “घे. नाव सेवेरा ठेवतोय. उद्या पोरीला मिशी फुटली तर तू जबाबदार.”

सेवेरा. माझं नाव. सेवेरोनं खाली पाहिलं. ताप येऊन गेल्यासारखं लालसर तोंड, मिटलेले डोळे, लेसची झालर लावलेली टोपी... लेस. लेसही क्वाउत्लातच मिळते. नाही, ही जुनी आहे, पिवळी पडली आहे, म्हातारीच्या पेटीतली असेल. किती बारीक बघतोस रे सेवेरो, लेससुद्धा सोडत नाहीस.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आता त्याचे दोन्ही हात अडकले आहेत.

मिरवणूक निघाली. चर्च टेकडीच्या वर, रस्ता दगडांचा, पुढे एक सनई वाजवणारा आणि एक ढोलवाला, दोघेही अर्धपोटी, त्यामुळे सूर मध्येच बसत होता. मुलीचं डोकं त्याच्या डाव्या कोपरात होतं, पाय उजव्या मनगटावर, आणि पायांच्या बरोबर खाली, दुपट्याच्या पलीकडे, पिस्तूल. काढायचं झालं तर मुलगी खाली टाकावी लागेल. बाप एक पाऊल मागून चालतो, अशीच रीत आहे. तिबुर्सिओ एक पाऊल मागून चालत होता. त्याच्या वहाणांचा आवाज सेवेरो ऐकत होता – टप, टप – जरा उजवा पाय ओढल्यासारखा. तो पाय लहानपणी पाण्याच्या पाटाच्या दारात अडकून मोडला होता...

दहा-अकरा वर्षांचे असतील दोघं. मळेवाल्यानं गावाची पाण्याची पाळी बंद करून सगळं पाणी उसाला वळवलं होतं, गावाचा मका उभ्यानं करपत होता, आणि तिबुर्सिओ म्हणाला, मी खालून जाऊन दार उचलतो. गेला पाण्यात. वर आलाच नाही. सेवेरोनं बुडी मारून त्याचा पाय त्या लाकडी दारातून ओढून काढला, कातडी तिथेच राहिली. काठावर दोघं पडले होते, पाणी ओकत, आणि गावाच्या पाटातून पाणी खळखळत निघालं होतं. रडत नव्हता तिबुर्सिओ. हसत होता. “आलं बघ,” म्हणत होता, “आलं बघ पाणी.” क्रांती तिथेच झाली होती खरं म्हणजे. बाकी मागाहून जे झालं ते तिचं लांबलेलं बाळंतपण.

टप, टप.

याला मी मारणार आहे का?

काल रात्री त्यानं मेलितोनला सांगितलं होतं – पाणी पडायच्या आधी. चर्चच्या दारात मी थांबेन, तुझ्याकडे बघून मान हलवेन, तुम्ही चौघे त्याला बाजूला घ्या. गोळी नाही, नुसतं बांधा, आधी बोलू. पाणी पडायच्या आधीच करायला हवं होतं, नंतर करता येणार नव्हतं. सगळं इतकं नीट ठरलं होतं. मेलितोननं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कप्तानाला, जनरल?” आणि परत एकदा, “आपल्या कप्तानाला?” मेलितोनलाही तिबुर्सिओ आवडत होता. सगळ्यांनाच आवडत होता. हीसुद्धा एक गोष्ट मनात खुपणारी.

आणि घोडे. सकाळी गावात शिरल्याशिरल्या सेवेरोनं पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर घोड्यांना पाणी दाखवलं की नाही. पाहिलं आणि बरं वाटलं – तिबुर्सिओचा मेहुणा बादल्या घेऊन धावत आला होता. ही खूण तिबुर्सिओनंच त्याला शिकवली होती. म्हातारा जनरल उर्बानो माल्दोनादो, सेवेरोचा पहिला पुढारी, त्याला सरकारी मेजरनं तहाचं बोलणं करायला जेवायला बोलावलं होतं. पांढऱ्या कापडाचं टेबल, कॉफी, वाटीत साखर. सेवेरो तिसऱ्या खुर्चीवर होता. तिबुर्सिओ दारात येऊन म्हणाला, तुझ्या घोड्याचा नाल ढिला झालाय, जरा बघतोस का? सेवेरो बाहेर आला. नाल घट्ट होता. “चढ,” तिबुर्सिओ म्हणाला. कुंपणापर्यंत गेले असतील नसतील आणि आत बंदुका वाजल्या. म्हाताऱ्याच्या तोंडात अजून घोट होता म्हणतात. रात्री डोंगरात धापा टाकत सेवेरोनं विचारलं, तुला कसं कळलं? तर तिबुर्सिओ म्हणाला, “त्यांच्यातलं कुणी आपल्या घोड्यांना पाणी द्यायला बाहेर आलं नाही. ज्याला पाहुणा परत जायला हवा असतो तो आधी घोड्याला पाणी दाखवतो.”

ही गोष्ट सेवेरोनं किती तळांवर सांगितली होती! आणि आता, चढावर, मुलीला छातीशी धरून, तीच गोष्ट मनात उलटी होऊन पडली, झुरळ उताणं पडावं तशी, सगळे पाय हलताना दिसू लागले. खरंच घोड्यांमुळे कळलं? की आधीच माहीत होतं? त्या मेजरशी याचं तेव्हापासूनच... मला वाचवलं, कारण मला पुढे कधीतरी जास्त किमतीला विकायचं होतं? आणि आज घोड्यांना पाणी दाखवलं – दाखवणारच! ती खूण मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक आहे.

हे वेड आहे. सेवेरोला कळत होतं की हे वेड आहे. पण वेड आहे हे कळल्यानं ते थांबत नव्हतं. उर्बानो माल्दोनादो वेडा नव्हता, शहाणा होता, विश्वास ठेवणारा होता. आणि त्याचं काय झालं?

चर्चचं दार. अर्धं छप्पर जळालेलं, आत उन्हाचा मोठा तुकडा पडलेला. मेलितोन भिंतीशी उभा होता, तिघे त्याच्या मागे. सेवेरो उंबऱ्यात थांबला. मेलितोननं त्याच्याकडे पाहिलं. आता. मान हलवायची एवढंच. मुलीनं झोपेत ओठ चोखले, काहीतरी गोड मिळाल्यासारखे. मागे वहाणा थांबल्या.

“काय झालं?” तिबुर्सिओ हळूच म्हणाला. “पाप जास्त झालंय? पाद्रे म्हातारा आहे, त्याला कमी ऐकू येतं, घाबरू नकोस.”

सेवेरो आत गेला.

का गेला? ते त्यालाही सांगता आलं नसतं. दया नव्हती. त्या क्षणी त्याला मान हलवण्याची ताकदच उरली नव्हती, एवढंच. पुष्कळदा लोक ज्याला माझा मोठेपणा म्हणतात तो निव्वळ थकवा असतो.

पाद्रेनं विचारलं, “सैतानाला नाकारतोस?” मुलीला बोलता येत नाही, तिच्या वतीनं धर्मबापानं बोलायचं.

“नाकारतो.”

“त्याच्या सगळ्या करणीला?”

“नाकारतो.”

“त्याच्या सगळ्या थाटामाटाला?”

“नाकारतो.” कुठला थाटमाट, खिशात दोन अंडी आहेत.

पाणी पडलं. मुलगी किंचाळली, सगळे हसले, आणि झालं. आता तिबुर्सिओवर हात उचलता येणार नव्हता. गंमत म्हणजे एक क्षणभर सेवेरोला फार हलकं वाटलं, कुणीतरी त्याच्या हातातून बंदूक काढून घेतल्यासारखं. बाहेर उन्हात तिबुर्सिओनं त्याला मिठी मारली, “कोंपाद्रे!” म्हणाला, आणि सेवेरो म्हणाला, “कोंपाद्रे!” आणि तिबुर्सिओ रडत होता. खरंच रडत होता, गालांवर पाणी होतं. पाटाच्या काठावर न रडलेला माणूस. तिबुर्सिओचा तळवा त्याच्या पाठीवर, बरोबर कण्यावर, पसरलेला होता आणि सेवेरोला त्या हाताची पाचही बोटं वेगवेगळी मोजता येत होती. हा का रडतोय? आनंदानं? की एखाद्याचा निरोप घेताना रडतात तसा?

रानअंजिराच्या झाडाखाली फळ्या टाकून टेबल केलं होतं. सगळा गाव जमला होता. टेबलाजवळ एकच खुर्ची, तीही शाळेतून आणलेली. धर्मबाप आधी जेवतो. पहिलं ताट त्याचं, एकट्याचं, आणि त्यानं पहिला घास घेऊन ‘छान झालंय’ म्हटल्याशिवाय कुणी बसत नाही, मुलीचा बापसुद्धा नाही – तो खुर्चीमागे भाकऱ्या घेऊन उभा राहतो. सेवेरोला हे माहीत होतं. सगळ्या मोरेलोस प्रांतात अशीच रीत आहे. सकाळपासून तो सैतानाचा, मेलितोनचा, पिस्तुलाचा विचार करत होता, आणि ताटाचा विचार बाजूला सारत होता, आता ते ताटच समोर आलं.

दोमितिलानं दोन्ही हातांनी ते आणलं. टर्कीची मांडी, आणि वर मोले – मिरच्या, चॉकलेट, तीळ, आणखी किती काय काय भाजून वाटून शिजवलेला तो काळा, दाट, चकाकणारा रस्सा. त्यात काहीही मावतं. घोड्याचं औषध मावतं. उंदराचं औषध मावतं. कुणाच्या जिभेला पत्ताही लागणार नाही.

“घ्या, कोंपाद्रे,” ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता, नाकावर काजळी. “चार दिवस राबलेय. वाईट झालं असेल तर आत्ताच सांगू नका, उद्या सांगा.”

लोक हसले. मग हसणं थांबलं, आणि सगळे त्याच्या हाताकडे बघू लागले. मांस खाऊन या लोकांना किती महिने झाले असतील. एक म्हातारी डोळे मिटून नुसता वास घेत होती. एका बाईनं कडेवरच्या पोराचं तोंड हातानं दाबून धरलं होतं, ते रडू नये म्हणून. सगळ्यांचं जेवण त्याच्या एका घासापाशी अडलं होतं. मळेवाल्यानं पाणी अडवलं होतं तसं आता सेवेरो आलार्कोननं जेवण अडवलं होतं, आणि तो खुर्चीवर बसला होता, आणि त्याचा हात टेबलावर होता, आणि उठत नव्हता.

बायका घागऱ्यांच्या आत शिवून बाजारहाट आणतात, त्यालाही माहीत होतं. त्यानं स्वतः त्या रस्त्यानं आलेली साखर खाल्ली होती. दोमितिला गेली असेल. म्हातारी गेली असेल. पोरीच्या बारशासाठी बायका काय काय करतात. विचार, विचार आत्ता, हसत हसत विचार...

भाकरीचा तुकडा मोडला. रश्श्यात बुडवला. मांसाचा एक धागा त्यात धरला. घास तोंडाजवळ आला आणि तिथेच थांबला. आणि मग त्याचा हात वळला. त्यानं वळवला की आपोआप वळला, ते नंतर ठरवता येईल. हात खुर्चीच्या मागे गेला, वर गेला, तिबुर्सिओच्या तोंडापुढे.

“पहिला घास तुम्ही घ्या, कोंपाद्रे,” सेवेरो म्हणाला.

“बघा, किती प्रेम!” एक बाई म्हणाली. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या टाळ्या एकेक करून पडत गेल्या. गाव लढाईत मुरलेला होता, कुणी कुणाला घास का देतो हे इथे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मेलितोननं जमिनीकडे पाहिलं.

तिबुर्सिओनं घासाकडे पाहिलं. मग सेवेरोकडे. त्याच्या तोंडावरचं हसणं तिथेच होतं, फक्त त्याच्या मागे कुणी राहत नव्हतं. त्याला सगळं कळलं. चर्चच्या दारातलं थांबणं कळलं, मेलितोन भिंतीशी का होता ते कळलं, टेकडी चढताना मान अशी ताठ का होती ते कळलं. एकेक करून कळताना सेवेरोला दिसत होतं, आणि त्याला तो घास परत घ्यावासा वाटला, पण हात लाकडाचा झाला होता.

तिबुर्सिओनं तोंड उघडलं. घास घेतला. सावकाश चावला, फार सावकाश, सगळ्या गावासमोर. गिळला. मग खाली वाकून, औषध घेतलेलं लहान मूल आईला दाखवतं तशी, त्यानं जीभ बाहेर काढून दाखवली.

“गेलं,” तो म्हणाला. अगदी हळू, फक्त सेवेरोला ऐकू जाईल इतकं. “अजून एक घेऊ? की बायकोला देऊ? पोरीच्या ओठाला बोटानं लावू का थोडं? आत्ताच नाव मिळालंय तिला, जनरल. तुमचंच.”

ताटाशीच उभ्या असलेल्या दोमितिलालाही ऐकू गेलं. तिनं फक्त पदरासारखी ओढलेली शाल नीट केली, जिथे ती आधीच नीट होती.

“बसा रे बसा!” कुणीतरी म्हातारा मोठ्यानं ओरडला. “झाला पहिला घास, कुणाचा का होईना! भूक लागलीय!” आणि गाव तुटून पडला. भांडी वाजली, पोरं रडली, भाकऱ्या हातोहात गेल्या, सनईवाला तोंडात घास असतानाच वाजवू लागला. तिबुर्सिओ टोपली घेऊन सगळ्यांना वाढत फिरू लागला. कुणाच्या खांद्यावर हात ठेवत होता, कुणाला काही बोलत होता, लोक हसत होते. सेवेरोला पाठच दिसत होती.

तो जेवू लागला. चव होती. अशी चव की डोळ्यांत पाणी यावं – तिखट, मग गोड, मग खोल कुठेतरी भाजल्याचा वास. दोन वर्षांनी परक्या हातचं. त्यानं मांडी हातानं फाडली, हाड चोखलं, भाकरीनं ताट पुसलं, दोमितिलानं न बघता आणखी वाढलं, तेही खाल्लं. मेलितोन मागे येऊन कुजबुजला, “निघूया का, जनरल?” सेवेरोनं मान हलवली नाही. दगा द्यायला मघाशी नसलेलं एक कारण आता तिबुर्सिओकडे होतं. ते कारण सेवेरोनंच त्याला भाकरीच्या तुकड्यावर ठेवून भरवलं होतं. आता तो क्वाउत्लाच्या पुलावरून गेला तर कुणी म्हणू शकणार नव्हतं की का गेलास. आणि गेला नाही, उद्या नेहमीसारखा मागच्या वाटेच्या पहाऱ्यावर उभा राहिला, तर... ते जास्त वाईट होतं. त्याच्याकडे मी कोणत्या तोंडानं बघू?

विष असतं तर बरं झालं असतं.

हा विचार इतक्या साधेपणानं आला की सेवेरो दचकलासुद्धा नाही. असतं तर. दोमितिलानं घातलेलं असतं, नवऱ्याला न सांगता, म्हातारीनं घातलेलं असतं, कुणीही. मग तो घास पुढे करणं चुकीचं ठरलं नसतं, मग आम्ही दोघं एकाच ताटातलं खाऊन एकाच झाडाखाली पडलो असतो, आणि मी शहाणा ठरलो असतो. त्यानं पोटावर हात ठेवला. आत लक्ष लावलं, अंधाऱ्या खोलीत कुणी आहे का ते ऐकावं तसं. थोडी आग होती, पण ती मिरच्यांची होती. थोडा जडपणा होता, पण तो खूप दिवसांनी पोट भरल्याचा होता. त्यानं आणखी एक घास घेतला, लवकर चावून गिळला, आणि परत लक्ष लावलं. लांबून तिबुर्सिओचा आवाज येत होता, कुणालातरी आग्रह करत होता, घे रे, लाजतोस काय... धडधाकट आवाज.

काहीच होत नव्हतं. सेवेरो ताटावर वाकून वाट बघत राहिला.